भय आणि हास्य : ‘झपाटलेला’ या चित्रपटाच्या निमित्ताने

भयानक आणि हास्य हे रस एकमेकांचे वैरी आहेत, असे आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसांच्या परस्परविरोधाची यादी दिली. तीत हास्याला दोन शत्रू नेमून दिले आहेत : एक भयानक आणि दुसरा करुण. ह्यामागील तर्क उघड आहे. भीतीने मन आकसते, हसण्याने ते मोकळे होते. आणि एकाच क्षणी आकसणे व मोकळे होणे मनास साधत नाही. असे असूनही भुताची गोष्ट सांगणारा आणि ती ऐकणारा हे दोघेही शेवटी हसत उठतात, हा अनुभव घरोघरचा आहे. शास्त्राचा निर्णय आणि लोकांचा अनुभव ह्यांत अंतर पडले म्हणजे अभ्यासकाने त्या अंतराकडे दुर्लक्ष करू नये. प्रस्तुत लेखात एका जुन्या मराठी चित्रपटाच्या आधारे हे अंतर तपासून पाहण्याचे आम्ही योजिले आहे. हा चित्रपट म्हणजे महेश कोठारे यांनी दिग्दर्शित केलेला, इ. स. १९९३ मध्ये प्रदर्शित झालेला ‘झपाटलेला’ होय.

आमच्या वाङ्मयीन व्यासपीठांवर अशा चित्रपटांची चर्चा सहसा होत नाही. त्यांस ‘बालिश करमणूक’ म्हणून बाजूस सारण्याची रीत पडली आहे. परंतु जी कृती तीन दशकांहून अधिक काळ लोकांच्या बोलण्यात टिकून राहिली, जिच्यातील खलनायकाचे नाव आजही मुलांना ठाऊक असते, तिची मुळे कोठे आहेत हे पाहणे हा इतिहासाच्या अभ्यासाचाच भाग आहे.

प्रथम कथानक थोडक्यात सांगितले पाहिजे. तात्या विंचू हा एक कुख्यात गुन्हेगार. आपला आत्मा दुसऱ्या देहात घालण्याचा मंत्र तो बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाकडून मिळवितो. पोलिसांच्या गोळीने मरणोन्मुख झाला असता तो त्या मंत्राच्या साहाय्याने जवळच असलेल्या एका बाहुल्यात शिरतो. हा बाहुला फिरत फिरत लक्ष्या नावाच्या एका भोळ्या तरुणाच्या हाती येतो. लक्ष्या हा स्वतः बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा. तात्या विंचूला पुन्हा माणसाचा देह हवा असेल तर ज्याला त्याने आपली ओळख प्रथम सांगितली त्याच्याच देहात शिरले पाहिजे, असा नियम असतो. आणि ती ओळख त्याने लक्ष्यालाच सांगितलेली असते. येथून पुढे पाठलाग, पळापळ आणि गोंधळ. लक्ष्याची भूमिका लक्ष्मीकांत बेर्डे यांनी, तात्या विंचूची दिलीप प्रभावळकर यांनी आणि पोलीस अधिकाऱ्याची स्वतः कोठारे यांनी केली आहे. बाहुल्याची करामत शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांची.

ह्या कथेचे बीज अमेरिकन आहे, हे लपविण्याजोगे नाही. टॉम हॉलंड यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) ह्या चित्रपटात शिकागोमधील एक खुनी मरताना मंत्राच्या बळावर खेळण्याच्या दुकानातील बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला एका लहान मुलाच्या घरी येतो. सूत्र तेच. परंतु उसने घेतलेल्या बीजाचे परीक्षण करताना ‘काय घेतले’ ह्याहून ‘काय बदलले’ हा प्रश्न अधिक फलदायी असतो. अमेरिकन कथेत बाहुला मुलाच्या हाती येतो आणि मुलाच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, कारण तो मूल आहे. मराठी कथेत बाहुला येतो तो बाहुल्यांना बोलते करणाऱ्याच्या हाती. ज्याचा धंदाच निर्जीव लाकडाला आवाज देण्याचा, त्याने ‘हा बाहुला आपण होऊन बोलतो’ असे सांगितले तर ते कोण खरे मानील? लक्ष्याचे कौशल्यच त्याच्या साक्षीस खोटे पाडते. हा बदल वरवर लहान दिसतो, परंतु त्याने कथेचा पायाच बदलून गेला. भयकथा जशीच्या तशी राहिली आणि तिच्या पोटात एक विनोदी कोंडी निर्माण झाली.

शब्दभ्रमकार आणि त्याची बाहुली ह्यांच्या नात्यातील भय पाश्चात्त्य चित्रपटांनीही ओळखले होते. ‘डेड ऑफ नाइट’ (१९४५) ह्या इंग्रजी चित्रपटातील एका कथेत मायकेल रेडग्रेव्ह यांनी रंगविलेला कलावंत हळूहळू आपल्याच बाहुलीचा गुलाम होतो. तेथे मात्र हसण्यास जागा उरत नाही. प्रेक्षक सुन्न होतो. उलट, पडक्या वाड्यातील भीती आणि विनोद ह्यांचे मिश्रण जेम्स व्हेल यांच्या ‘द ओल्ड डार्क हाउस’ (१९३२) मध्ये आणि पुढे ‘ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’ (१९४८) मध्ये आढळते. आपल्याकडे मेहमूद यांच्या ‘भूत बंगला’ (१९६५) ह्या हिंदी चित्रपटाने तीच वाट धरली. मराठीत रवी नमाडे यांचा ‘एक डाव भुताचा’ (१९८२) आणि सचिन पिळगांवकर यांचा ‘भुताचा भाऊ’ (१९८९) हे ‘झपाटलेला’च्या आधी येऊन गेले होते. म्हणजे १९९३ मध्ये प्रेक्षकांपुढे आलेला प्रकार अगदीच अपरिचित नव्हता.

पण आमच्या मते ह्या चित्रपटाची खरी वंशावळ चित्रपटांत शोधून पुरणार नाही. ती रंगभूमीवर शोधावी लागते. रामदास पाध्ये यांचे वडील यशवंत केशव पाध्ये हे भारतातील शब्दभ्रमकलेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. ‘अर्धवटराव’ ही बाहुली त्यांची. त्या बाहुलीचे नावच बोलके आहे. जी अर्धवट आहे तिला शहाण्यांना न बोलता येणारे सारे बोलता येते. पिता-पुत्रांच्या ह्या परंपरेच्या मागे आणखी एक जुना धागा आहे. मराठी नाटकाचे जनक विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले हे सर्वांस ठाऊक आहे; परंतु त्यांनी लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या, ह्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. त्या बाहुल्यांना पुन्हा जिवंत करण्याचे काम पुढे रामदास पाध्ये यांनीच केले. तेव्हा तात्या विंचूचा बाहुला ज्या हातांनी हलला, त्या हातांपाशी मराठी रंगभूमीच्या आरंभकाळाचा वारसा होता असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

भाव्यांच्या पठडीतील नाटकांत ‘राक्षसपार्टी’ असे. राळेचा भडका उडाला की आरोळ्या ठोकीत, तलवारी नाचवीत राक्षस रंगभूमीवर येत. पुढे ह्याच आरडाओरड्यामुळे त्या नाटकांस ‘अललडुर्र’ असे उपहासाचे नाव पडले. पण उपहास करणारे एक गोष्ट विसरले. राक्षसाच्या आरोळीने पुढच्या रांगेतील मुले दचकत आणि लगेच विदूषकाच्या बोलण्याने हसत. दचकणे आणि हसणे हा त्या खेळाचा श्वासोच्छ्वास होता. कोकणातील दशावतारातला संकासुर ह्याच जातीचा. काळा वेश, लोंबती लाल जीभ, म्हणजे रूप भयाचे. आणि तोंडी गावरान थट्टामस्करी. भय आणि हास्य तेथे एकाच देहात नांदतात. लिखित वाङ्मयातही हा मेळ जुनाच आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० मध्ये मराठीत आणलेल्या ‘वेताळपंचविशी’त प्रेतात शिरलेला वेताळ राजाच्या खांद्यावर बसून त्याला कोडी घालतो. प्रेत बोलते हे भयंकर; ते चतुर गोष्टी सांगते हे मौजेचे. परक्या मृतदेहात शिरून गप्पा मारणारा तात्या विंचूचा हा पूर्वज मराठी मुद्रणाच्या आरंभीच्या काळातच आपल्या घरी येऊन बसला होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शास्त्राने ज्यांस वैरी म्हटले ते दोन रस येथे एकत्र कसे राहतात? ह्याचे उत्तर शास्त्रातच आहे. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात रसविरोधाचा परिहार सांगितला आहे : ज्यांचा विरोध एकाच आश्रयामुळे होतो त्यांस भिन्न आश्रय द्यावा, ज्यांचा विरोध लागोपाठ येण्यामुळे होतो त्यांच्यामध्ये तिसरा रस घालावा. ‘झपाटलेला’ पाहताना पहिल्या उपायाचा पडताळा पदोपदी येतो. भय असते ते लक्ष्याच्या ठायी. हास्य असते ते प्रेक्षकांच्या ठायी. बेर्डे यांची बोबडी वळते, डोळे पांढरे होतात, हातपाय लटपटतात आणि हे सारे इतके खरे असते की आपण हसतो. त्यांनी भयाचा अभिनय विनोदी केला असता तर दोन्ही रस बुडाले असते. त्यांनी तो प्रामाणिकपणे केला म्हणून विनोद उभा राहिला. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये निवर्तले. त्यांच्या विनोदाविषयी पुष्कळ बोलले जाते. त्यांच्या भ्यालेपणाविषयी, जो आमच्या मते त्यांचा अधिक मोठा गुण होता, फारसे बोलले गेले नाही.

खलनायकाच्या बाजूने पाहिले तर अभिनवगुप्ताचा विचार उपयोगी पडतो. कोणताही रस अनुचित ठिकाणी योजला की त्याचा आभास होतो आणि त्या आभासातून हास्य जन्मते, असे त्याचे म्हणणे आहे. प्रौढ गुंडाची गुर्मी, त्याचा दरडावणीचा स्वर आणि त्याचे सूडाचे बेत हे सारे जर एका लहानशा बाहुल्याच्या देहात कोंबले तर भयानकाचा भयानकाभास होतो. प्रभावळकर यांनी आपला आवाज बाहुल्याच्या मापाचा केला नाही; तो गुंडाच्याच मापाचा ठेवला. देह आणि आवाज ह्यांतील ही विसंगती हेच त्या पात्राचे रहस्य. आणि तरीही अंधारात तो बाहुला मान वळवतो तेव्हा हसू क्षणभर थांबते, हेही खरे. विरोधी रसांचा हा लपंडाव ज्याला साधला त्याला ‘बालिश’ म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे.

येथवरचा विचार ग्रंथांच्या आधारे झाला. त्याची परीक्षा प्रेक्षकांत बसल्यावाचून होत नाही. तशी संधी आम्हांस सुरतेजवळच्या कोसाड येथे मिळाली. तापीच्या उत्तरेस, अमरोलीला लागून आणि मुंबई–अहमदाबाद लोहमार्गावर असलेले हे एके काळचे खेडे आता सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. सुरत आणि खानदेश ही दोन नावे तापीने फार पूर्वीच एकत्र गुंफली; १९०० च्या सुमारास सुरु झालेल्या तापी खोऱ्याच्या रेल्वेने ती अधिक जवळ आणली. त्याच मार्गाने धुळे, जळगाव, नंदुरबार ह्या भागांतील कुटुंबे माग आणि कापडाच्या धंद्यात पोट भरण्यासाठी सुरतेस आली. १९६० मध्ये द्वैभाषिक राज्य मोडून दोन राज्ये झाली. सीमा आखली गेली, पण माणसे जेथे होती तेथेच राहिली. अशाच एका कुटुंबात आम्ही हा चित्रपट पुन्हा पाहिला. घरात आजी अहिराणी बोलणारी, मुलगा व सून मराठी बोलणारी, आणि नातवंडे गुजराती शाळेत जाणारी. मराठी त्यांच्या कानांस सरावाची, डोळ्यांस परकी.

तेथे एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आणि तीच ह्या लेखाचे मुख्य सांगणे आहे. भयाच्या प्रसंगी सारे घर एकाच क्षणी दचकले. बाहुल्याचे डोळे फिरले तेव्हा आजीने श्वास रोखला आणि नातवंडांनी तोंडे उशीत लपविली. त्यात भाषेचा संबंध नव्हता. हास्य मात्र एकाच वेळी आले नाही. आजी प्रथम हसे, मग सून, आणि नातवंडे आजीकडे पाहून, एका घटकेने मागाहून. ‘कुबड्या खवीस’ हे नाव आले तेव्हा नातवाने विचारले, “आजी, खवीस म्हणजे काय गं?” आजीने चित्रपट चालू असतानाच मुंजा, हडळ, वेताळ आणि खवीस ह्यांची कुळकथा सांगून टाकली. ‘विंचू’ त्याला अडला नाही, कारण गुजरातीत तो ‘वींछी’ आहे. पण ‘झपाटलेला’ हे नाव मात्र त्याने भलतेच समजून घेतले होते. गुजरातीत ‘झपाटो’ वेगाचा असतो. मराठीतही ‘झपाट्याने’ आहेच. तेव्हा हा कोणी वेगाने धावणारा असावा, असा त्याचा समज. एकाच धातूपासून मराठीने भुताने धरल्याचा अर्थ कसा काढला, हे त्यास त्या दिवशी कळले.

म्हणजे भय डोळ्यांच्या वाटेने येते आणि हास्य भाषेच्या वाटेने. शिकागोचा बाहुला जगात कोठेही भिववू शकतो. परंतु तात्या विंचूला हसावयाचे असेल तर खवीस म्हणजे काय, तात्या कोणाला म्हणतात, आणि ‘तात्या’सारख्या घरगुती संबोधनापुढे ‘विंचू’ लागल्याने काय गंमत होते, हे ठाऊक असावे लागते. ‘चाइल्ड्स प्ले’चे भाषान्तर होऊ शकेल. ‘झपाटलेला’चे भाषान्तर झाले तर भय उरेल आणि हसू गळून पडेल. परप्रांतातील मराठी मुलांच्या बाबतीत ह्याचा अर्थ गंभीर आहे. ज्या दिवशी कोसाडच्या त्या घरात आजी नसेल, त्या दिवशी चित्रपट तोच राहील, दचकणे तेच राहील, आणि हसणे थांबेल. भाषा नाहीशी होते तेव्हा प्रथम व्याकरण जात नाही. प्रथम विनोद जातो.

ह्यावर एक आक्षेप येणे शक्य आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भूत, मंत्र, परकायाप्रवेश ह्यांनी भरलेला चित्रपट मुलांना दाखविणे म्हणजे अंधश्रद्धेस खतपाणी घालणे नव्हे काय? हा प्रश्न सुरतेत विचारावा आणि दादोबा पांडुरंगांचे स्मरण होऊ नये हे अशक्य आहे. १८३६ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर नोकरीनिमित्त सुरतेस होते. तेथे दुर्गाराम मंछाराम महेता यांच्याबरोबर त्यांनी २२ जून १८४४ रोजी ‘मानवधर्म सभा’ स्थापन केली. मंत्रतंत्राचे सामर्थ्य सांगणाऱ्यांनी ते चारचौघांत सिद्ध करून दाखवावे, असे आव्हान ह्या सभेने जाहीरपणे दिले. १८४६ मध्ये दादोबा मुंबईस गेले, १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटास, आणि सभा थांबली. परंतु मराठीच्या व्याकरणकाराने भुतांशी पहिला सामना गुजरातेत मांडला, ही घटना विसरण्यासारखी नाही. त्यानंतर सुमारे १७० वर्षांनी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. गुजरातेत तशा प्रकारचा कायदा २०२४ मध्ये झाला. तापीच्या खोऱ्यातील आदिवासी भागांत एखाद्या स्त्रीस ‘डाकीण’ ठरवून छळल्याचे प्रकार आपल्या काळातही घडले आहेत. तेव्हा हा प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हे.

चित्रपटाची ह्या कसोटीवर परीक्षा केली असता निकाल संमिश्र येतो. कथेच्या जगात मंत्र खरा ठरतो, एवढे मान्य केले पाहिजे. परंतु त्या मंत्राचा धनी असलेला बाबा चमत्कार हा गुंडांपुढे स्वतःचे रक्षण करू न शकणारा दुबळा म्हातारा आहे. चमत्कार नावातच राहतो. दुसरे असे की जुन्या भुताच्या गोष्टीत शेवटी देवरुषी किंवा मांत्रिक येऊन उतारा काढतो. येथे उतारा निघतो तो पोलिसाच्या गोळीने. मंत्राला प्रतिमंत्राने उत्तर दिलेले नाही. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे : येथे भय ज्याच्याविषयी वाटते तो सशस्त्र गुन्हेगार आहे, गावकुसाबाहेरची विधवा किंवा एकटी स्त्री नव्हे. भूतकथेने आपले भय कोणाच्या माथी मारावे, हा तिच्या नीतीचा खरा प्रश्न असतो. ह्या बाबतीत ‘झपाटलेला’ निर्दोष आहे. ज्याला लोक हसतात त्याला ते भिऊन राहात नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. दुर्गाराम व दादोबा यांनी मांत्रिकांस आव्हान देऊन जे साधू पाहिले, त्याचा थोडा अंश हसण्यानेही साधतो. मात्र हसणे हे आव्हानाची जागा घेऊ शकत नाही. मुलाने चित्रपट पाहून झाल्यावर ‘मंत्राने असे होते का?’ हा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर पडद्याने नव्हे, शिक्षकाने दिले पाहिजे.

चित्रपटाचे दोषही सांगितले पाहिजेत. नायिकांच्या भूमिकांस कथेत पुरेसे काम नाही. त्या गाण्यांपुरत्या आणि संकटापुरत्या उरतात. पोलीस अधिकाऱ्याचा भाग त्या काळच्या हिंदी चित्रपटांच्या साच्यातून निघालेला आहे. उत्तरार्धात पाठलाग लांबतो आणि बाहुल्याचे गूढ ओसरते. जे वारंवार दिसते त्याचे भय उरत नाही, हे तत्त्व तेथे सुटले आहे. २०१३ मध्ये आलेल्या ‘झपाटलेला २’ ह्या पुढच्या भागात त्रिमितीचे तंत्र वापरले गेले, तरी पहिल्या भागाची पकड लोकमानसावर जशी राहिली तशी दुसऱ्याची राहिली नाही. तंत्राने बाहुला डोळ्यांजवळ आणता येतो. पण त्याला भिणारा लक्ष्या तंत्राने निर्माण होत नाही.

आणखी एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. तात्या विंचूस आवाज देणाऱ्या दिलीप प्रभावळकर यांनीच २००६ मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’ ह्या हिंदी चित्रपटात महात्मा गांधींची भूमिका केली. तेथेही एकट्या नायकासच ते दिसतात आणि इतरांचा त्यावर विश्वास बसत नाही. एकाच नटाने दुष्टाचे आणि महात्म्याचे असे दोन्ही प्रकारचे झपाटणे रंगविले. आणि दोहोंतही प्रेक्षक हसता हसता अंतर्मुख झाला. जो एकालाच दिसतो त्याची कथा विनोदाच्या अंगाने सांगता येते, हे ह्या दोन टोकांच्या भूमिकांनी दाखवून दिले.

निष्कर्ष इतकाच की, विश्वनाथाने सांगितलेला विरोध खोटा नाही आणि लोकांचा अनुभवही खोटा नाही. विरोध आहे म्हणूनच त्यांच्या मेळास कौशल्य लागते, आणि ते कौशल्य मराठी परंपरेने वेताळाच्या कोड्यांत, राक्षसपार्टीच्या आरोळीत, संकासुराच्या थट्टेत आणि बोलक्या बाहुल्यांच्या खेळात जोपासले होते. परक्या बीजाला ही जमीन मिळाली म्हणून ते रुजले. ह्या जमिनीची मशागत ज्यांच्या हाती आहे त्या शिक्षकांस आमचे सांगणे असे की, महाराष्ट्राबाहेरील मुलांस मराठी शिकविताना धड्यांबरोबर अशा एखाद्या चित्रपटाचाही उपयोग करून पाहावा, आणि मुले कोठे दचकली ह्यापेक्षा कोठे हसली नाहीत ह्याची नोंद ठेवावी. जेथे हसू अडले तेथे एक शब्द हरवलेला असतो. तो शोधून त्यांच्या हाती देणे हे शिक्षकाचे काम आहे.